वायर काढणारा माणूस

कृष्णातच्या मागच्या खिशात कायम पक्कड असते. लग्नाला गेला तरी असते. त्याची बायको राणी म्हणते, "ह्यांना सरणावर ठिवताना बी ती काढून घ्यायला लागंल, न्हाईतर वर जाऊन यमाच्या घरची डिश जोडत बसत्याल." कृष्णात हसत नाही, चिडतही नाही. खिसा चाचपून बघतो आणि कामाला निघतो.

उंब्रजजवळ हायवे सोडून नदीच्या अंगाला आत गेलं की उसाच्या पट्ट्यात त्याचं गाव लागतं. इथल्या दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातला एक जण फौजेत आहे, नाहीतर फौजेतून परत आलेला आहे. कृष्णात फौजेच्या सिग्नल विभागात होता. बर्फात तारा ओढल्या, वाळूत ओढल्या, हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आला आणि इथं येऊनही तारा ओढायला लागला. कुणाची डिश बसव, डेअरीवर कॅमेरे लाव, कुणाचा टीव्ही मुका झाला तर त्याला बोलता कर. स्वतः मात्र बोलायला कंजूष. चहा पुढं आला तर घ्यायचा, कामाचं तेवढं सांगायचं आणि उठायचं.

या कामांच्या जोडीला आणखी एक काम त्याच्याकडं आलं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं आणि त्यानं मागितलंही नव्हतं. गावच्या पोराची वाईट बातमी सरहद्दीवरून आली, की ती आधी जाणत्या माणसांना कळते. देह गावात पोचायला वेळ लागतो. तोवर घरच्यांना कळू द्यायचं नाही, अशी इथली रीत. आईबापाच्या पोटात तेवढे दोन घास जातील, तेवढी एक झोप होईल, एवढाच त्यामागचा विचार. टीव्ही ही रीत पाळत नाही. म्हणून कृष्णातनं त्या घराच्या मागच्या बाजूनं वर चढायचं आणि डिशची वायर काढून ठेवायची. घरातून हाक आलीच, तर "सिग्नल गेलाय, समद्या गावाचाच गेलाय," म्हणायचं. शेजारच्या बायकांनी काहीतरी निमित्त काढून घरातले मोबाइल उचलायचे. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगायचं, "जरा लागलंय म्हणत्यात, दवाखान्यात हाय."

ऋषिराज गेला तेव्हा संक्रांतीचे दिवस होते. बातमी सकाळी आली आणि कृष्णातनं वायर काढली. दुपारी ऋषिराजच्या बायकोनं, क्रांतीनं, घरी हळदीकुंकू ठेवलं होतं. आळीतल्या बायकांना सगळं माहीत होतं. पण जायचं टाळलं तर तिला शंका येईल, म्हणून सगळ्या गेल्या. काळी साडी नेसून क्रांती दारात उभी. एकेकीला हळदीकुंकू लावत होती, तिळगूळ देत होती, आणि येणारी प्रत्येक जण खाली बघून वाण घेत होती. दुसऱ्या दिवशी फुलांनी सजवलेली गाडी वेशीत आली.

त्याला बरेच महिने होऊन गेल्यावर क्रांतीनं कृष्णातला घरी बोलावलं. मिक्सरची वायर जळाली होती. तो खाली बसून वायर सोलत होता, तेव्हा ती म्हणाली, "भावजी, त्या दिवशी आमच्या डिशला काय झालं हुतं?"

कृष्णातनं वायरचं सोललेलं टोक पिळलं.

"मी समद्यांना कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत लावलं. एकीनं बी माझा हात धरला न्हाई. तुमच्या राणीला बी लावलं मी."

त्यानं मिक्सर जोडून दिला आणि घरी आला. राणीला विचारलं, "तू का गेलीस गं तवा?"

राणी म्हणाली, "आनि काय करनार हुते? वायर तर तुमीच काढून आला हुता."

त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

*

नाथाजी, म्हणजे सगळ्यांचे तात्या, हे कृष्णातचे चुलते. तेही जुने फौजी. दोन वर्षांमागं गोठ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं, पण म्हातारा पुन्हा उभा राहिला नाही. मागच्या खोलीत कॉटवर पडून असतात. कानानं कमी ऐकू येतं, आवाज मात्र अजून कवायतीचा. त्यांचा मुलगा जयराज शिरवळच्या एका कारखान्यात आहे, सुट्टीला येतो तेवढाच. घर सांभाळते ती सून संयोगिता. कराडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, आळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी. तिचा एकुलता एक मुलगा शिवतेज. आजोबांच्या गोष्टी ऐकत वाढला आणि बारावी होताच भरतीला उभा राहिला. त्या दिवसापासून संयोगिता फोनच्या रिंगला दचकते. कुणाला सांगत नाही, पण दचकते.

गेल्या वर्षी शिवतेज सुट्टीवर आला तो कॉम्प्युटर घेऊनच. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला तो जोडला, चारी कोपऱ्यांत स्पीकर बसवले आणि कृष्णातला हाक मारली.

"काका, एक काम हाय. पिक्चर एक आनि खोल्या तीन."

"म्हंजे?"

"हॉलमध्ये जे लागंल तेच तात्यांच्या खोलीत दिसाय पायजे आनि आईच्या स्वयंपाकघरात बी. कॉम्प्युटर एकच. त्ये तिकडं पडून आसत्यात, ही चुलीपाशी, आनि मी हितं एकटाच बघत बसायचं व्हय?"

स्वयंपाकघरातून संयोगिता म्हणाली, "मला नको रे बाबा टीव्ही. भाकरी करपतील."

"करपू देत. मॅच संपल्यावर येऊन विचारतीस, कोण जिंकलं."

कृष्णातनं कराडहून एक लहानशी डबी आणली. एका बाजूनं एक केबल आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं तेच चित्र चार ठिकाणी निघतं. भिंतीला पट्ट्या मारून त्यानं दोन लांब केबली ओढल्या, एक स्वयंपाकघरात आणि एक मागच्या खोलीत. तिन्ही पडदे उजळले. पण शिवतेजच्या कपाळाला आठी पडली.

"काका, मोठ्या टीव्हीवरचं पुसट का झालं? मगाशी चकाचक हुतं की."

"स्वयंपाकघरातला टीव्ही जुना हाय. त्याला जेवढं झेपतंय तेवढंच ही डबी समद्यांना देती."

"एकट्यापायी समद्यांना कमी?"

"एका डबीवर राहायचं तर तसंच."

"मग माझा काढून टाका," आतून आवाज आला.

शिवतेजनं थोडा वेळ मोठ्या टीव्हीकडं बघितलं. "न्हाई. ऱ्हाऊ दे. दिसतंय की."

चित्राचं भागलं, पण आवाजानं दोघांना रडवलं. कॉम्प्युटर आवाज एका वेळी एकाच वाटेनं सोडायचा. हॉलचे स्पीकर बोलायला लागले की बाकीच्या दोन खोल्या मुक्या, आणि त्या बोलायला लागल्या की हॉल मुका. कृष्णातनं सिग्नलमधल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला, त्याच्या पोराला विचारलं, सेटिंगच्या सात तऱ्हा करून बघितल्या. शेवटी आवाज दोन्ही वाटांनी सुटला. तर हॉलचे स्पीकर जरा मागं. एकच वाक्य घरात दोनदा ऐकू यायला लागलं. नाथाजींच्या कानावर हेडफोन, त्यांना आधी कळायचं. कुस्ती चितपट झाली की म्हातारा आधी ओरडायचा, मग हॉलमधला निवेदक. शिवतेज पोट धरून हसला. म्हणाला, "तात्याच बातम्या देत्यात आता." कृष्णात मात्र तसा सोडणाऱ्यातला नव्हता. स्क्रीनसमोर बसून तो आवाजातला उशीर कमी-जास्त करत राहिला, आणि दोन्ही आवाज एकात एक मिसळले तेव्हाच उठला.

शिवतेज परत गेल्यावर त्या तीन पडद्यांचा खरा उपयोग सुरू झाला. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मोठ्या टीव्हीवर कॅमेरा आणि नाथाजींच्या उशाशी छोटा माइक. पोरगं बोलायला लागलं की तिन्ही खोल्यांत एकदमच दिसायचं. त्याला मात्र फक्त हॉल दिसायचा. म्हणून तो दर वेळी म्हणायचा, "आई, भाईर ये की, दिसू दे जरा." संयोगिता पिठाचे हात घेऊनच बाहेर यायची आणि कॅमेऱ्यापुढं अवघडून उभी राहायची. मागच्या खोलीतून नाथाजी विचारायचे, "बंदूक साफ करतोस का न्हाई रोज?"

*

ही गोष्ट आहे उसाची तोड संपत आली होती तेव्हाची. सकाळचे शिकवणीचे वर्ग आटोपले होते. कृष्णात डेअरीवर शिडी लावून चढला होता. खाली आप्पासो येऊन उभे राहिले. रिटायर सुभेदार, गावातल्या माजी सैनिकांत मोठे. फौजेतला कुठलाही निरोप आधी त्यांच्याकडं येतो.

"खाली ये," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजावरूनच कृष्णातला कळलं. तो उतरला. पक्कड हातातच होती.

"कुनाचं?" त्यानं विचारलं.

आप्पासोंनी रस्त्याकडं बघितलं. "आपल्या शिवाचं. गस्तीवर हुते. सुरुंग."

कृष्णात शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. आप्पासोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"जयराजला शिरवळला निरोप धाडलाय. बापाला बरं न्हाई, निघून ये, म्हणून. राणीला सांगितलंय, तिनं संयोगिताचा मोबाइल आणलाय. आता तुजं काम. आनि त्या घरात नुस्ती डिश काढून भागायचं न्हाई. तू तिथं काय काय करून ठिवलंयस त्ये तुलाच ठाव. समदं बंद कर."

"मी करू?"

"आनि कोन करनार गड्या? दुसऱ्या कुनाला त्यातलं कळतंय का?"

ते खरंच होतं. गावात कुठल्याही घरात वायर काढली की टीव्ही मरतो. या एका घरात वायर काढून काही होणार नव्हतं. बातमी नेटवरून कॉम्प्युटरात येणार आणि तिथून एकदम तीन खोल्यांत उजळणार. मागच्या बाजूनं चढून चालणार नव्हतं. पुढच्या दारानं आत जाऊन, तिच्या डोळ्यांदेखत सगळं विझवायला लागणार होतं.

घरात शिरला तेव्हा तिन्ही पडद्यांवर कुस्त्यांचं मैदान चालू होतं. नाथाजी पैलवानाला शिव्या घालत होते. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"कोण, भावजी?" संयोगितानं आतूनच विचारलं. "बसा. चहा टाकते."

"नगं वैनी. नेटचं काम निघालंय. जरा बंद करतो."

तिनं काही विचारायच्या आत त्यानं नेटची आणि डबीची पिन उपटली. तिन्ही पडदे एकदम काळे झाले. भाकरीचा आवाजही थांबला.

मागच्या खोलीत कॉट करकरली. मग नाथाजींचा आवाज आला. शिव्या देणारा तो आवाज नव्हता.

"कृष्णात आलाय का रं?"

"व्हय तात्या," कृष्णात मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन मोठ्यानं म्हणाला.

"कुनी धाडलं?"

कृष्णातनं हातातली पक्कड खिशात सारली.

"आप्पानं का?"

आपण आलो यातच सगळं सांगून झालं, हे कृष्णातला तेव्हा कळलं. या गावात तो पक्कड घेऊन न बोलावता घरात आला, याचा दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता. ज्यांच्यापासून लपवायचं, ते याच गावात वाढले होते. दुसऱ्यांच्या घरी हीच रीत त्यांनीही पाळली होती.

संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ तसंच होतं. तिनं टीव्हीकडं बघितलं, मग डबीकडं, मग त्याच्याकडं.

"राणीनं मघाशी माझा फोन नेला," ती म्हणाली. "म्हणाली, आमचा बंद पडलाय, एक फोन लावायचाय. अजून आणून दिला नाही."

"देईल की..."

"भावजी, शिवाला काय झालं?"

ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर आलं. "जरा लागलंय म्हणत्यात, वैनी. दवाखान्यात हाय."

ती दाराला धरून खाली बसली. रडली नाही. "क्रांतीच्या सासूला, सुलाबाईंना, हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी होते तिथं. मीच सांगितलं होतं."

कृष्णातला वाटलं आपण इथून निघून जावं. आजवर तसंच झालं होतं. वायर काढायची आणि निघायचं. पुढचं बघायला दुसरी माणसं असायची. पण आज पाय उचलेनात. समोर बसलेली बाई एका जागी नजर लावून बसली होती आणि तिच्या हातावरचं पीठ वाळत चाललं होतं.

सिग्नलमध्ये भरती झाल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट शिकवलेली. निरोप जसा आला तसाच पुढं द्यायचा. पदरचं घालायचं नाही, आतलं गाळायचं नाही. वीस वर्षं त्यानं ते पाळलं होतं. गावात आल्यावर मात्र कुणी निरोप काय आलाय हे विचारतच नव्हतं. नुसतं आप्पासोंचं तोंड बघायचं आणि कामाला लागायचं. त्यानंही आज तेच केलं होतं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला, आप्पासोंना लावला आणि आवाज मोठा केला. संयोगितालाही ऐकू जाईल एवढा.

"आप्पा, तुमाला फोन कुनी केलावता?"

"झालं का काम?"

"कुनी केला, त्ये सांगा."

"आरं, आपल्याच रेजिमेंटचा एक जन हाय तिकडं. का?"

"त्यो काय म्हनाला? त्याच्याच तोंडचं सांगा."

"काय म्हननार? जखमी हाय म्हनाला, सिरियस हाय म्हनाला. मगाशी परत फोन करून घरच्यांचे फोन लागंनात म्हनाला. आता आपुन काय त्ये समजायचं न्हाई का?"

"गेला, असं म्हनाला का?"

"येड्यासारकं काय इचारतोस? फोनवर कुनी सांगतं व्हय असं? मी आजवर कुनाला सांगितलंय का?"

"त्यो म्हनाला का न्हाई, एवढंच सांगा."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"न्हाई," आप्पासो म्हणाले. "तसं न्हाई म्हनाला."

कृष्णातनं फोन ठेवला. संयोगिता त्याच्याकडं बघत होती. त्या नजरेला काय द्यावं हे त्याला कळेना. आशा द्यायची त्याची हिंमत नव्हती.

"वैनी, ऐका. सुरुंगाचं झालंय. जखमी हाय, सिरियस हाय. निरोप एवढाच आलाय. ह्याच्या पुढचं मला ठाव न्हाई, आनि आप्पाला बी ठाव न्हाई. आमी आमच्या मनानं पुढचं धरलं."

"मनानं?"

"व्हय."

"म्हणजे तो..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "घरचे फोन लागत नाहीत म्हणाला ना तो? कोण लावत होतं फोन?"

कृष्णातनं दाराकडं बघितलं. मोबाइल राणीकडं होता. बंद करून ठेवलेला.

तो पळतच घरी गेला. राणीनं फोन डब्यांमागं लपवला होता. ती म्हणाली, "आवं, पन आप्पांनी..." त्यानं तो तिच्या हातून जवळजवळ हिसकावला आणि परत येता येता चालू केला. घरात पाय ठेवतोय तोवर मेसेज यायला लागले. एकाच अनोळखी नंबरावरून किती वेळा फोन येऊन गेला होता, ते मोजायला कुणाला धीर नव्हता. संयोगितानं पीठ तसंच पदराला पुसलं आणि तो नंबर लावला.

पलीकडं फौजी दवाखान्यातल्या एक नर्सबाई होत्या. हिंदीत बोलत होत्या, पण त्यांचा हेल दक्षिणेकडचा. "माताजी, कहाँ थे आप लोग? लड़का सुबह से माँ-माँ कर रहा है. ऑपरेशन के लिए ले जाना है, पाँच मिनट रुकवाया है मैंने."

संयोगितानं फोन कृष्णातपुढं धरला. कृष्णातनं फोन घेतला आणि म्हणाला, "मॅडम, वीडियो हो सकता है क्या?"

"घरवाला नंबर लगाने को बोल रहा है. बड़ा टीवी वाला. वो नहीं लग रहा."

कृष्णात डबीकडं धावला. दोन्ही पिना पुन्हा घातल्या. मागून संयोगिता म्हणाली, "भावजी, तात्यांचा पण लावा."

"लावू? त्यास्नी झेपंल का?"

"लावा. त्यांचाही नातू आहे."

आजवर अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांत शेवटी सांगत. कृष्णातनं तिन्ही केबली दाबून बसवल्या आणि मागच्या खोलीत जाऊन नाथाजींच्या कानावर हेडफोन घातले. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं.

कॉल लागला. पांढरी उशी दिसली. मग शिवतेजचा चेहरा. सुजलेला, एका गालाला पट्टी, ओठ फुटलेले. पण डोळे उघडे.

"आई."

संयोगिता टीव्हीच्या अगदी जवळ गेली. जणू आणखी जवळ गेल्यावर आणखी दिसणार होतं. "अरे बाळा... बोल."

"फोन का लागत नव्हता गं?"

"बंद पडला होता. बोल तू."

"आई, तुला दुसऱ्या कुनी सांगायच्या आत मीच सांगतो. डावा पाय जानार हाय. गुडघ्याच्या खालनं. डॉक्टरनी विचारलं, मी सही केलीय."

तिन्ही खोल्यांत तो आवाज एकदमच गेला. तिच्या तोंडातून हुंदका आला तो तिनं तळहातानं आत दाबला. उरल्यासुरल्या पिठाची पांढरी बोटं तिच्या गालावर उमटली.

"बरं," ती म्हणाली. "बरं. तू आहेस ना. मग बरं."

"रडू नगंस."

"नाही रडत. तूही रडू नको."

"तात्या कुठं हाईत? त्यांना आता सांगू नका. नंतर सांगू."

मागच्या खोलीतून माइकवर कवायतीचा आवाज आला. "शिवा, मी ऐकतोय."

शिवतेजचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला. "तात्या..."

"डॉक्टरचं ऐकायचं. नर्सबाईंचं ऐकायचं. समजलं का?"

"व्हय."

"शुद्धीवर आलास की पयला फोन मला. तुज्या आयला न्हाई, मला."

फुटलेल्या ओठांनी पोरगं हसलं. कुणीतरी पडद्याआड काही बोललं. चित्र हललं, छत दिसलं, दिवा दिसला आणि कॉल बंद झाला. मागच्या खोलीत नाथाजींनी हेडफोन काढले आणि तोंड भिंतीकडं केलं. मग कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवर हात ठेवून कृष्णात बसून राहिला.

*

ऑपरेशन नीट पार पडल्याचा फोन संध्याकाळी आला. तोवर जयराज शिरवळहून पोचला होता. बापाला बरं नाही म्हणून धापा टाकत आला, तर बाप उठून टेकून बसलेला आणि बायको भिंतीला टेकलेली. त्याला सगळं सांगायचं कामही कृष्णातनंच केलं, अंगणात, चपला काढायच्या आत. झालं तेवढं सांगितलं. जयराज आधी ऐकत राहिला, मग ओट्यावर बसून त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं.

रात्र पडायच्या आत आप्पासो आले. आत आले नाहीत, फाटकापाशीच उभे राहिले. जयराजनं त्यांना बसा म्हटलं, पण आवाजात काही राहिलं नव्हतं.

"मी वंगाळ चिंतलं न्हाई रं जयराज," ते म्हणाले. "मी बी बाप हाय. मला वाटलं, वैनीच्या पोटात दुपारचं तरी जाऊ दे."

उत्तर दिलं ते संयोगितानं, दारातून. "आप्पा, तो सकाळपासून मला बोलवत होता. आणि मी भाकरी थापत होते."

आप्पासोंनी टोपी काढली, हातात धरली आणि परत डोक्यावर घातली. त्यांनी आजवर कितीतरी घरांत हेच केलं होतं आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्यांचे हात धरून आभार मानले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता आणि जयराज दवाखान्याकडं निघाले. पुण्यापर्यंत जीप, तिथून विमान. नाथाजींपाशी थांबायला राणी आली होती. संयोगिताशी काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. ती नुसती डब्यात दशम्या भरत होती, आणि मध्येच डोळे पुसत होती. कृष्णात बॅगेचं बंद पडलेलं चाक बघत होता. संयोगिता त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"भावजी, एक विचारू?"

"इचारा."

"आप्पा काल फोनवर 'हो' म्हणाले असते तर? 'गेला' म्हणाले असते तर?"

कृष्णातचा हात चाकावर थांबला.

"मला सांगितलं असतंत का?"

खोटं बोलायला ती वेळ सोपी होती. व्हय म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं आणि त्यालाही.

"ठाव न्हाई, वैनी," तो म्हणाला. "फोनचा आवाज मोठा केला तवा मला वाटलं, आता तुमाला कळनारच. मग वाटलं, कमी करावा. आप्पा गप झालं तवा बटनावर बोट हुतं माजं."

तिनं बॅगेचा पट्टा आवळला. मग म्हणाली, "पण दाबलं नाहीत."

"न्हाई."

"मला कळायला हवं होतं. जे असेल ते. मी मोडले असते, पण मला कळायला हवं होतं." तिनं बॅग उचलली. चाक फिरत नव्हतंच. "त्या दिवशीचं क्रांतीला मी कधी विचारलं नाही. आता परत आले की तिच्याकडं जाणार आहे."

जीप गेली. फाटकापाशी आप्पासो काल उभे होते तिथंच आज येऊन उभे होते. गाडीला हात करायलाच बहुधा आले असावेत, पण हात वर झाला नव्हता. गावातली तीन पोरं अजून सरहद्दीवर होती आणि आप्पासो आणि कृष्णात दोघांनाही त्यांची नावं तोंडपाठ होती.

"म्हंजे आता वायर काढायची न्हाई म्हन की," आप्पासो म्हणाले.

"मी न्हाई काढनार."

"आनि सांगायचं कुनी? कुनाची छाती हाय?"

कृष्णातनं मागच्या खिशातली पक्कड चाचपली.

"मी जाईन," तो म्हणाला. "तुमी बी चला संगं. दोगं असलं म्हंजे..."

"जमंल का तुला?"

"न्हाई जमायचं."

आप्पासो त्याच्याकडं बघत राहिले. कृष्णात वळला आणि नाथाजींना अंघोळ घालायची होती म्हणून आत गेला.